कागद उतरवताना

जुना फोटो हातात धरला की माणसं दिसतात. तोच फोटो स्कॅनरवर ठेवला की आधी कागद दिसतो. पडद्यावर जरा मोठं करून पाहावं, तर गालांवर, कपाळावर, पदरावर, मागच्या पडद्यावर, सगळीकडे एकाच मापाच्या बारीक षटकोनी कप्प्यांची जाळी. माणूस त्या जाळीच्या पलीकडे कुठेतरी.

ज्यांच्या घरी सत्तर-ऐंशीच्या दशकातले रंगीत प्रिंट आहेत, त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. लॅबवाले त्याला सिल्क फिनिश म्हणायचे, आमच्या घरात नुसतं 'दाणेदार' म्हणायचे आणि तो कागद भारीतला समजला जायचा. तसं समजण्यात काही चूक नव्हती. चकचकीत कागदावर बोटांचे ठसे उमटतात, आणि लग्नाचा अल्बम तर आल्यागेल्या प्रत्येकानं पाहायची वस्तू. एका हातात चिवड्याची बशी, दुसऱ्या हातात अल्बम. दाणेदार कागदावर ठसे उठून दिसत नाहीत आणि ट्यूबलाइटची चमकही डोळ्यांवर येत नाही. हा फोटो पुढे कधीतरी काचेवर पालथा घालून यंत्राकडून वाचून घेतला जाईल, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात असणार?

हातात न दिसणारी जाळी स्कॅनमध्ये का दिसते, याचं कारण उजेडात आहे. स्कॅनरच्या काचेखाली दिवा आणि सेन्सर एकाच पट्टीवर बसवलेले असतात आणि ती पट्टी सरकत जाते. दिव्याचा उजेड कागदावर तिरपा पडतो, बहुतेक यंत्रांत एकाच बाजूनं. कळमेश्वर-काटोलच्या रस्त्यानं जाताना भर दुपारी नांगरलेलं शेत सपाट दिसतं आणि उन्हं कलली की त्यातला एकेक तास उठून दिसायला लागतो, तसंच हे. प्रत्येक कप्प्याची एक कड उजळते, दुसरीमागे केसाएवढी सावली पडते. घरात आपण फोटो पाहतो तेव्हा उजेड चहूकडून येतो, हात हलत असतो, आणि डोळा आपलं माणूस शोधत असल्यामुळे कागदाला सोडून देतो. स्कॅनरला माणूस आणि कागद यांत डावं-उजवं नाही.

ज्या फोटोमुळे मी या कामात शिरले, तो माझ्या आत्याचा. १९५६ साली, ज्या वर्षी नागपूरचं राजधानीपण गेलं आणि भोपाळ मध्य प्रदेशची राजधानी झालं, त्याच वर्षी तिचं लग्न झालं. त्यामुळे आमच्या घरात तिच्या लग्नाचं साल कुणी विसरत नाही. पंचवीस वर्षांनी, १९८१ मध्ये, आतोबांनी तिला सीताबर्डीवरच्या एका स्टुडिओत नेऊन जोडीचा फोटो काढवून घेतला. आतोबा एम्प्रेस मिलमध्ये होते. जमशेटजी टाटांनी १८७७ साली सुरू केलेली ती मिल तेव्हा उतरणीला लागली होती, पण फोटोत त्यांचा शर्ट कडक इस्त्रीचा आहे. आत्या बारीक चौकडीच्या सुती साडीत, डोक्यावरून पदर, किंचित डावीकडे वळून बसलेली. चौकडी इतकी बारीक की प्रिंटवर ती बोटानं दाखवावी लागते. साडी इतवारीतून घेतलेली, हे तिनंच कधीतरी सांगितलं होतं.

आत्याला लहानपणी देवी आल्या होत्या. चाळीसच्या दशकात ही काही नवलाची गोष्ट नव्हती. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण सापडला तो मे १९७५ मध्ये, आणि जगातून हा रोग गेल्याचं १९८० साली जाहीर झालं. म्हणजे फोटो काढला तेव्हा रोग जगातून गेलेला होता आणि त्याच्या खुणा तेवढ्या माणसांच्या चेहऱ्यावर उरल्या होत्या. तिच्या दोन्ही गालांवर आणि नाकाच्या शेंड्याजवळ व्रण होते, काही उथळ, काही चांगले खोल. आम्ही पोरं तिच्या मांडीवर बसून त्या खळग्यांवरून बोट फिरवायचो आणि ती फिरवू द्यायची.

आता अडचण बघा. व्रण साधारण त्याच मापाचे, ज्या मापाची कागदाची जाळी. दोन्ही म्हणजे पृष्ठभागावरचे बारीक चढउतार. दोन्हीकडे एका अंगाला उजळ, दुसऱ्या अंगाला सावली. स्कॅनमध्ये दोन्ही एकमेकांत अशी मिसळलेली की नुसत्या डोळ्यानं सांगता येऊ नये.

घरातल्या एका उत्साही पोरानं तो स्कॅन मोबाइलमधल्या एका ॲपमधून काढला आणि कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. जाळी पार गेली होती. डोळे पाणीदार, पापण्या मोजून घ्याव्यात इतक्या स्पष्ट, गाल तुळतुळीत. अंगठ्यांची रांग लागली. संध्याकाळी आत्याच्या मुलीचा, माझ्या ताईचा, फोन आला. म्हणाली, "फोटो छानच झालाय गं. पण ही आई नाही वाटत मला. आईच्या गालावरचे व्रण कुठं गेले?"

त्या ॲपमध्ये काय घडतं ते समजून घ्यायला हवं. असा प्रोग्राम हजारो-लाखो चेहऱ्यांवर शिकवलेला असतो. आपला फोटो समोर आला की जिथे त्याला 'खराबी' दिसते, तिथे चेहरा बहुधा कसा असतो याचा अंदाज बांधून तो नवे ठिपके भरतो. हे पुसणं नव्हेच, हे नव्यानं रंगवणं आहे. आणि बहुतेक चेहऱ्यांवर देवीचे व्रण नसतात. म्हणून आत्याच्या गालांवर त्यानं बहुतेकांची कातडी बसवली. दिसायला देखणी, पण आमच्या आत्याची नव्हे.

जुने उपायही इथे फारसे कामाचे नाहीत. चित्र थोडं धूसर करा, किंवा शेजारच्या ठिपक्यांचा मध्यक घेऊन धूळ-ओरखडे घालवणारी चाळणी लावा, म्हणजे जाळी मऊ पडते. पण या चाळण्यांना फक्त माप कळतं. जाळीच्या मापाचं जे जे असेल ते सगळं त्या खातात: व्रण, चौकडी, आतोबांच्या मिशांचे केस. मला चाळणी वेगळ्या गोष्टीवर लावायची होती. कागद आणि आत्याचा गाल यांत खरा फरक कोणता? फरक हा की कागदाची जाळी यंत्राच्या रुळाखाली उठवलेली आहे, त्यामुळे ती कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, त्याच मापानं, त्याच दिशेनं, न चुकता पुन्हा पुन्हा येते. देवीचा एक व्रण दुसऱ्यासारखा नसतो आणि ते रांगेत उभे राहत नाहीत.

माझ्या मते सगळं काम या एका फरकावर उभं आहे. कागदाचं ते कागदाला, माणसाचं ते माणसाला. आणि पुन्हा पुन्हा येणारी गोष्ट वेगळी काढायचं गणित दोनशे वर्षांपूर्वी मांडून झालेलं आहे.

ते मांडलं फ्रेंच गणितज्ञ जोसेफ फूरिये यांनी, आणि तेही उष्णतेचा अभ्यास करताना. मे महिन्यात दिवसभर तापलेली भिंत रात्री किती वाजेपर्यंत धग सोडत राहील, या जातीचा प्रश्न. ४५ अंशांच्या नागपुरात तो कुणाला समजावून सांगावा लागत नाही. १८०७ साली त्यांनी पॅरिसच्या इन्स्टिट्यूटपुढे निबंध ठेवला: तापमानाचा चढउतार कितीही वेडावाकडा असला, तरी तो साध्या, नियमित लहरींच्या बेरजेतून मांडता येतो. लाग्रांजसारख्या मोठ्या गणितज्ञाला ते पटलं नाही. उष्णतेवरचं फूरियेंचं पुस्तक यायला १८२२ साल उजाडलं. फोटोलाही हेच लागू पडतं. फोटो म्हणजे उजेड-अंधाराचा चढउतार. त्यातल्या लहरी सुट्या केल्या, तर कोणती लहर किती दाट, कोणत्या दिशेची आणि किती जोरकस, याचा नकाशा मिळतो.

गणित असलं तरी ते हातानं होण्यातलं नव्हतं, आणि आधी संगणकालाही जड जायचं. चार बाय सहा इंचांचा प्रिंट ६०० डीपीआयनं, म्हणजे इंचाला ६०० ठिपके धरून, स्कॅन केला तर २४०० गुणिले ३६००, म्हणजे ८६ लाख ४० हजार ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्याची प्रत्येकाशी सांगड घालत सरळ हिशेब केला तर सुमारे ७५ लाख कोटी गुणाकार. १९६५ साली जेम्स कूली आणि जॉन ट्युकी या अमेरिकन गणितज्ञांनी हाच हिशेब तुकड्या-तुकड्यांनी करायची रीत प्रसिद्ध केली. जर्मन गणितज्ञ गाउसनं तशीच युक्ती १८०५ च्या सुमाराला आपल्या कागदांत लिहून ठेवली होती, पण ती त्याच्या हयातीत छापली गेली नाही. या रीतीनं तेच काम २० कोटींच्या आसपास पायऱ्यांत उरकतं. घरच्या लॅपटॉपवर मी बटण दाबते आणि क्षणात नकाशा समोर येतो. दर वेळी मला याचं अप्रूप वाटतं.

हा नकाशा मी पहिल्यांदा आत्याच्या फोटोचा पाहिला. काळ्या चौकोनात मध्यभागी एक पांढरा धुरकट गोळा. त्यात चेहऱ्यांचे मोठे आकार, खांदे, मागच्या पडद्याच्या छटा. त्यातून आडवी-उभी जाणारी अंधूक फुली, जी फोटोच्या कडांमुळे येते. आणि गोळ्यापासून दूर, सहा लख्ख ठिपके, समान अंतरावर, समोरासमोर जोडीजोडीनं. त्यांच्या पलीकडे आणखी फिके ठिपके, त्याच बेतानं मांडलेले. प्रिंटभर पसरलेले हजारो कप्पे त्या मोजक्या ठिपक्यांत येऊन बसले होते.

पण आणखीही काही होतं. त्या सहांपासून थोडं दूर, दोन बाजूंना, पुसट पट्टे. तेही काळे करून टाकावेत असं कुणालाही वाटेल. मी आधी फोटोच्या पांढऱ्या किनारीचा तुकडा कापून त्याचा वेगळा नकाशा काढला. किनारीत ना आत्या आहे ना आतोबा. तिथे आहे तो निव्वळ कागद. त्या नकाशात सहा ठिपके आणि त्यांचे फिके जोडीदार जिथल्या तिथे होते, पट्टे मात्र नव्हते. मग फक्त साडीचा तुकडा कापला, आणि पट्टे तिथे सापडले. ती चौकडी होती. चौकडीही पुन्हा पुन्हा येणारीच, पण साडी अंगावर नेसलेली आहे. निऱ्यांत ती वळते, खांद्यावर ताणली जाते, मांडीवर मोडते, म्हणून तिच्या लहरींचं माप आणि दिशा बदलत राहते आणि तिचा ठिपका पसरून पट्टा होतो. कागद कुणाच्या अंगाला वळलेला नाही, त्यामुळे त्याचा ठिपका टोकदार.

किनारीची ही युक्ती ज्याला हे काम करायचं आहे त्यानं जरूर वापरावी. अल्बममध्ये बसवताना किनार कापून टाकलेली असेल तर मागच्या कोऱ्या पडद्याचा तुकडा चालतो. कोणते ठिपके कागदाचे, हे अंदाजानं ठरवायची मग गरज उरत नाही.

पुढचं काम ब्रशचं. इमेज-जे नावाचा प्रोग्राम अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत सूक्ष्मदर्शकाखालची चित्रं मोजण्यासाठी तयार झाला. तो फुकट मिळतो आणि त्यात हा नकाशा काढायची आणि नकाशातून पुन्हा फोटो करायची सोय आहे. गिंप या फोटो सुधारायच्या फुकट प्रोग्राममध्येही जी-मिक नावाची पुरवणी जोडली की जमतं. ठिपक्यावर काळा रंग लावायचा, पण मऊ कडेच्या ब्रशनं; कडक कडेनं कापलं तर नकाशाचा पुन्हा फोटो केल्यावर चेहऱ्याच्या कडांभोवती पाण्यातल्या वलयांगत रेघा येतात. मधल्या गोळ्याला हात लावायचा नाही, कारण चित्राचा सगळा उजेड तिथे आहे. रंगीत फोटोत उजेड आणि रंग वेगळे करून फक्त उजेडावर काम केलं की बहुतेक वेळा भागतं, कारण जाळी मुळात सावल्यांची असते.

एक गोष्ट स्कॅन करतानाच सांभाळायची. माझ्याकडच्या प्रिंटवर एक कप्पा साधारण अर्धा मिलीमीटर रुंद आहे, म्हणजे ६०० डीपीआयला बारा ठिपके. हाच प्रिंट १५० वर स्कॅन केला तर कप्प्याला जेमतेम तीन ठिपके मिळतात, जाळी नीट नोंदलीच जात नाही आणि तिच्या जागी भलतेच पट्टे उमटतात. तसंच जेपीईजी करून, म्हणजे तपशील गाळून फाइल लहान करून, किंवा शार्प करून मग हे करायला बसू नये. आधी काही न गाळणारी टिफ फाइल, आधी कच्चा स्कॅन, मग बाकी सगळं.

दुसरी रीत अधिक साधी आहे आणि मी दोन्ही एकत्र वापरते. फोटो एकदा सरळ स्कॅन करायचा, मग काचेवर उलटा फिरवून, म्हणजे डोकं खाली करून, पुन्हा. दुसरं चित्र संगणकात सरळ केलं की सावल्या कप्प्यांच्या विरुद्ध अंगाला गेलेल्या असतात. दोन्ही एकमेकांवर तंतोतंत बसवून सरासरी घेतली की उजळ आणि सावली एकमेकांना बऱ्यापैकी फेडून टाकतात. तंतोतंत हे महत्त्वाचं. स्कॅनरची पट्टी सगळीकडे अगदी सारख्या वेगानं सरकत नाही, म्हणून एक चित्र किंचित ताणावं लागतं. हगिन या फोटो जोडायच्या फुकट प्रोग्रामसोबत येणारं जुळवणीचं साधन हे काम चोख करतं. वेळ असेल तर चारही दिशांनी स्कॅन करावं. इथे कुणी काही अंदाज बांधत नाही, चित्राच्या नकाशाला हातही लागत नाही, म्हणून मी नेहमी हे आधी करते आणि जे उरतं तेवढंच ब्रशनं काढते.

नकाशातून परत केलेला आत्याचा फोटो पडद्यावर आला तेव्हा मी तो लगेच मोठा केला. जाळी नव्हती. डाव्या गालावर, डोळ्याच्या खाली, तीन व्रण एकमेकांना चिकटून. मधला जरा लांबट. मला तो बोटाला आठवत होता. नाकाच्या शेंड्याजवळचा उथळ. साडीची चौकडी निऱ्यांत वळत खाली गेलेली. आतोबांच्या खिशाला लावलेल्या पेनाची क्लिप, जी आधी जाळीत हरवली होती. फोटो काही नवा झाला नव्हता. रंग तसेच तांबूस, लाल वाटावे इतके उडालेले. ते मी तसेच ठेवले. कागद तेवढा उतरला.

ताईनं पाहिलं आणि म्हणाली, "हो, ही आई." मग जरा थांबून तिनं विचारलं, "पण तिला स्वतःला काय आवडलं असतं गं?"

हा प्रश्न मी टाळणार नाही. ब्लॅक अँड व्हाइटच्या काळात मोठ्या निगेटिव्हवर शिसपेन्सिलनं काम करून चेहऱ्यावरचे डाग, सुरकुत्या मऊ करणं हा स्टुडिओच्या कामाचा भागच होता, आणि गिऱ्हाइकाला ते हवं असायचं. आत्या डावीकडे वळून बसली आहे, ती कदाचित फोटोग्राफरनं बसवलं म्हणून, कदाचित स्वतःहून. तिच्या मनातलं मी सांगू शकत नाही. एवढं माहीत आहे की प्रिंट घरी आला तेव्हा तो तिनं बैठकीच्या खोलीत, दारातून आत येणाऱ्याला समोर दिसेल असा लावला, आणि ती असेपर्यंत तो तिथेच होता. दर दसऱ्याला ती तो पुसायची. व्रण नको असते तर तिनं तो आतल्या खोलीत नेला असता. आपल्या मनाविरुद्ध घरात काही राहू देणारी बाई ती नव्हती. जो चेहरा तिनं स्वतः भिंतीवर राहू दिला, तो बदलण्याचा अधिकार मला नाही, त्या ॲपला तर अजिबात नाही. कागदाची जाळी काढताना मात्र माझा हात अडखळत नाही. ती तिनं कधी पाहिलीच नव्हती.

म्हणून मी प्रत्येक फोटोचा कच्चा स्कॅन वेगळा ठेवते, जाळी काढलेला वेगळा, आणि फोटोच्या पाठीचाही स्कॅन करते. पाठीवर स्टुडिओचा शिक्का असतो, कुणाच्या तरी अक्षरात साल असतं. आत्याच्या फोटोमागे आतोबांच्या हातचं फक्त '२५ वर्षे' आहे.

ताईकडे अजून एक फोटो आहे ज्याला यातलं काहीच लागू पडत नाही. आतोबांच्या वडिलांचा, ब्लॅक अँड व्हाइट, गुळगुळीत कागदावरचा. गडद भागांवर निळसर चंदेरी तकाकी आली आहे, विशेषतः कडांना. प्रिंटमधली चांदी दमट हवेनं वर्षानुवर्षं पृष्ठभागाकडे सरकत येते आणि आरशासारखी बसते. ती पुन्हा पुन्हा येणारी नाही, त्यामुळे फूरियेंचा नकाशा इथे हात टेकतो. शिवाय एका पावसाळ्यात वरचा कोपरा फ्रेमच्या काचेला चिकटला आहे. जिलेटिन ओलं झालं की फुगतं आणि काच धरून बसतं. तो ओढून काढायचा नाही, हे ताईला मी दोनदोनदा बजावलं आहे.

इथे स्कॅनर बाजूला ठेवून कॅमेऱ्यानं काम करावं लागेल. दोन बाजूंना ४५ अंशांत दोन दिवे, दोन्हींपुढे एकाच दिशेत कंप पावणारा उजेड सोडणारी पोलरायझिंग फिल्म, आणि भिंगापुढे त्याच जातीचा फिल्टर, दिव्यांच्या फिल्मशी काटकोनात फिरवलेला. वरच्या वर परतणारी चमक आपली दिशा सोडत नाही, म्हणून फिल्टर तिला अडवतो. थराच्या आत जाऊन विखरून बाहेर येणारा उजेड दिशा विसरलेला असतो, त्यातला काही पार होतो, आणि चित्र त्याच उजेडात असतं. दाणेदार कागदाची चमकही याच रीतीनं जाते. ताईच्या मुलाकडे कॅमेरा आहे, फिल्मचे तुकडे मागवले आहेत, दिवाळीत तो पुण्याहून येईल तेव्हा काचेसकटच फोटो घ्यायचा असं ठरलं आहे. त्या फोटोत आजोबांच्या मांडीवर एक उघडी वही आहे. वहीत चार-पाच ओळी लिहिलेल्या आहेत, मोडीत की बाळबोधात तेही तकाकीमुळे कळत नाही. ताईला त्या वाचायच्या आहेत.